ग्वोझ्जेत्सचं छत आणि माझी मोजपट्टी



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मधले दीड महिने धाकट्या मुलाकडे पोलंडमध्ये, वॉर्सा शहरात होतो. तिथली थंडी, बटाट्याचे नाना प्रकार आणि नातवाचं फडाफडा पोलिश बोलणं यांबद्दल पुन्हा कधीतरी. आज एका छताबद्दल सांगायचं आहे.

पोलंड म्हटलं की आपल्याकडच्या जुन्या माणसांना कोल्हापूरजवळची वळिवड्याची छावणी आठवते. दुसऱ्या महायुद्धात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. मी इतिहास शिकवत असे, तेव्हा पोलंडबद्दल एवढंच सांगत असे. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरने हल्ला केला, ही ओळ फळ्यावर लिहायची, खाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. त्या देशात युद्धाआधी ३३ लाखांच्या आसपास ज्यू राहत होते आणि त्यांतले ३० लाखांच्या आसपास मारले गेले, हे पुस्तकात आकड्यांच्या रूपात होतं. आकडा पाठ होतो, पण त्याने डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही.

वॉर्साला ‘पोलिन’ नावाचं एक मोठं संग्रहालय आहे. पोलंडमधल्या ज्यूंचा हजार वर्षांचा इतिहास त्यात मांडला आहे. ज्या भागात युद्धकाळात ज्यूंना कोंडून ठेवलं होतं, तिथेच ही इमारत उभी आहे. पोलिन हे पोलंडचं हिब्रू नाव. पश्चिमेकडून परागंदा होऊन आलेल्या ज्यूंना जंगलात या नावाचा अर्थ ‘इथे विसावा घे’ असा ऐकू आला, अशी एक जुनी दंतकथा आहे. मुलगा कामावर गेला होता. मी एकटाच काठी टेकत टेकत फिरत होतो. चारशे वर्षं चालून गुडघे बोलायला लागले तेव्हा एका दालनात थांबलो, सहज वर पाहिलं आणि बराच वेळ मान खाली घेतलीच नाही.

डोक्यावर लाकडी छत होतं. छत कसलं, तंबूच म्हणायचा. चारी बाजूंनी वर वर चढत जाणारा, वळणं घेणारा लाकडी घुमट, आणि त्याची बोटभर जागाही रिकामी सोडलेली नव्हती. वेली, फुलं, सिंह, हरणं, एकशिंगी घोडा, दोन डोक्यांचा गरुड, बारा राशींची चिन्हं, मधेमधे हिब्रू अक्षरं. तांबडा, निळा, हिरवा असे रंग. माणसाचा चेहरा मात्र शोधूनही सापडत नाही, कारण प्रार्थनेच्या जागी मनुष्याकृती नको असा ज्यूंचा संकेत. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या देवळाच्या किंवा वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवर कुणीतरी मन लावून चित्रं काढावीत, तसंच वाटलं. हे सिंह काढणाऱ्याने सिंह बहुधा कधी पाहिलेला नसावा. म्हणून ते थोडे मांजरासारखे, थोडे हसल्यासारखे दिसतात. मला ते फार आवडले.

खालची पाटी वाचली. हे ग्वोझ्जेत्स गावच्या लाकडी सिनेगॉगचं छत. पण मूळ नव्हे. मूळ सिनेगॉग आज जगात कुठेच नाही.

घरी आल्यावर मुलाच्या संगणकावर रात्री रात्री बसून वाचायला लागलो. सुनेने चष्म्याची आठवण करून द्यायची, नातवाने इंटरनेटवरचं पोलिश वाचून दाखवायचं, असा आमचा वर्ग भरला. त्यात जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

सतराव्या-अठराव्या शतकांत पोलंड आणि लिथुआनियाचं मिळून एक मोठं राज्य होतं. जगातले सर्वात जास्त ज्यू तेव्हा तिथे राहत. गावोगाव त्यांच्या वस्त्या होत्या, आणि लाकूड मुबलक होतं. म्हणून सिनेगॉगही लाकडाची बांधली जात. बांधण्यासाठी बिशपची परवानगी लागे आणि चर्चच्या तोडीस तोड दिसता कामा नये अशी अट असे. त्यामुळे बाहेरून पाहिलं तर ही इमारत एखाद्या मोठ्या कोठारासारखी, दोन-तीन टप्प्यांचं उतरतं छप्पर असलेली. आत पाऊल टाकलं की मात्र वेगळंच जग. घुमट बाहेर दिसू द्यायचा नाही म्हणून तो छपराच्या आतच, वरच्या वाशांच्या सांगाड्यात बसवलेला. काही ठिकाणी जमीनसुद्धा बाहेरच्यापेक्षा खोल घेतलेली असे. देवाला हाक खोलातूनच मारायची, असा त्यामागे भाव होता असं सांगतात. भिंतींवर मोठ्या अक्षरांत प्रार्थना रंगवलेल्या असत, म्हणजे ज्याच्या हाती पोथी नाही त्यालाही वाचता यावं.

ग्वोझ्जेत्स हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. तिथलं सिनेगॉग सतराव्या शतकातलं. पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा घुमट नव्याने केला आणि १७२९ मध्ये तो रंगवून झाला. रंगवणाऱ्याने आपलं नाव तिथे लिहून ठेवलं होतं : यारिचुव गावचा इस्राएल, मोर्देखायचा मुलगा. खोदोरुव नावाच्या गावातलं सिनेगॉगही त्यानेच रंगवलं होतं. हा फिरता चित्रकार होता. आपल्याकडे वाई-मेणवलीच्या वाड्यांच्या भिंती ज्यांनी रंगवल्या त्यांच्यापैकी किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? याचं तरी कळलं.

आता मुख्य गोष्ट. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या या मोठ्या लाकडी सिनेगॉगांपैकी आजच्या पोलंडमध्ये एकही उरलेलं नाही. काही पहिल्या महायुद्धात गेली, बाकीची दुसऱ्या महायुद्धात नाझींनी जाळली. लाकूडच ते, एका रात्रीत राख. मग हे सिंह, हे गरुड, हे रंग संग्रहालयात आले कुठून?

याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटलं. ते आले मोजपट्टीतून आणि रंगपेटीतून.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कारोल मॅशकोव्स्की नावाच्या एका पोलिश चित्रकाराने ग्वोझ्जेत्सला जाऊन आतल्या चित्रांच्या रंगीत नकला काढल्या. पुढे १९१० नंतर अलोइस ब्रायर नावाचा वास्तुकलेचा विद्यार्थी व्हिएन्नाहून आला आणि या भागातल्या लाकडी सिनेगॉगांची मापं घेत, फोटो काढत फिरला. त्याचं पुस्तक १९३४ मध्ये छापलं गेलं. फोटो अर्थातच काळे-पांढरे. सिंहाची शेपटी कुठे वळते ते ब्रायरच्या फोटोतून कळतं आणि ती तांबडी की हिरवी ते मॅशकोव्स्कीच्या नकलांवरून. दोघांनाही हे कल्पनेतसुद्धा ठाऊक नव्हतं, की आपण काढतो आहोत ती चित्रं उद्या मुळाच्या जागी येणार आहेत. त्यांना ती जागा आवडली होती, एवढंच.

तिसरी गोष्ट वॉर्सामधलीच. १९२० च्या दशकात तिथल्या तंत्रविद्यापीठात ऑस्कर सोस्नोव्स्की नावाचे प्राध्यापक होते. पोलिश वास्तुकलेच्या संस्थेचे प्रमुख. ते आपल्या विद्यार्थ्यांना गावोगाव पाठवत. जुनी घरं, चर्च, सिनेगॉग, जे दिसेल ते मोजा आणि नकाशा काढून आणा. सिनेगॉगांच्या नोंदींचं काम शिमोन झायचिक या तरुण ज्यू अभ्यासकाकडे होतं. विद्यार्थी शिडीवर चढून वासे मोजायचे, झायचिक फोटो काढायचा, टिपणं करायचा.

१९३९ च्या सप्टेंबरात वॉर्साच्या वेढ्यात सोस्नोव्स्की जखमी होऊन वारले. झायचिकही युद्धात मारला गेला. त्याने जमवलेल्यापैकी बरंचसं नष्ट झालं. पण सगळं नाही. १९४४ मध्ये वॉर्साचा उठाव मोडून नाझींनी शहर पद्धतशीर जाळायला घेतलं, तेव्हा प्राध्यापक यान झाख्वातोविच यांनी विद्यापीठातले नकाशे कसेबसे शहराबाहेर काढले. ते पिओत्रकुव गावच्या एका मठात लपवून ठेवले, आणि लपवले कुठे, तर तिथल्या शवपेट्यांमध्ये. युद्ध संपल्यावर ते बाहेर काढले. शवपेटीतून काही जिवंत बाहेर यावं, असं इतिहासात फार थोड्या वेळा घडलं असेल.

हे नकाशे मारिया आणि काझिमिएश पिएखोत्का या नवराबायकोच्या हाती आले. दोघंही वास्तुविशारद, दोघंही १९४४ च्या उठावात लढलेले. ते ज्यू नव्हते. त्यांनी जे उरलं होतं ते लावून, जुळवून लाकडी सिनेगॉगांवर एक पुस्तक केलं. १९५७ मध्ये पोलिशमध्ये आणि दोन वर्षांनी इंग्रजीत ते निघालं. पान उलटावं तर एका गावाचं नाव, त्याचा नकाशा, उभा छेद आणि फोटो. त्या इमारती तेव्हा अस्तित्वात नव्हत्याच. काझिमिएश २०१० मध्ये गेले. मारियाबाई मात्र शंभरी गाठून २०२० मध्ये वारल्या.

या पुस्तकाची पुढची कथा मजेशीर आहे. १९७० मध्ये अमेरिकेत फ्रँक स्टेला नावाचा प्रसिद्ध चित्रकार गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात पडून होता. (गुडघ्याचं दुखणं म्हटल्यावर माझी त्याच्याशी लगेच जवळीक झाली!) वास्तुविशारद रिचर्ड मायर त्याला भेटायला गेले आणि त्यांनी वाचायला म्हणून हे पुस्तक दिलं. स्टेला इटालियन वंशाचा, ज्यू धर्माशी त्याचा संबंध नाही. पण लाकडात लाकूड कसं अडकवलं आहे, तिरपे वासे एकमेकांना कसे पेलतात, हे पाहून तो गुंतला. पुढच्या तीन-चार वर्षांत त्याने शंभराहून जास्त कलाकृती केल्या. पुठ्ठा, नमद्याचं कापड, लाकूड असं एकमेकांवर चढवून केलेली ही भित्तिचित्रं. त्यांत ना सिंह ना अक्षरं, नुसते त्रिकोण, पट्ट्या आणि कोन. पण प्रत्येकाला त्याने त्या त्या गावाचं नाव दिलं. ज्या गावांची नावं तिथल्या माणसांबरोबर पुसली गेली होती, ती न्यूयॉर्कच्या दालनात भिंतीवर लागली. २०१६ मध्ये ‘पोलिन’ संग्रहालयातही त्यांचं प्रदर्शन झालं. स्टेला २०२४ मध्ये वारला.

नातवाने मला स्टेलाची चित्रं पडद्यावर दाखवली. खरं सांगतो, पहिल्यांदा काही कळलं नाही. मी जुन्या वळणाचा माणूस, चित्र म्हटलं की काहीतरी ओळखू यावं असं वाटतं. मग नातू म्हणाला, “आजोबा, नकाशा बाजूला ठेवून बघा.” पिएखोत्कांच्या पुस्तकातला छपराचा छेद आणि स्टेलाचं चित्र शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं. त्याने रंग सोडले, प्रार्थना सोडली, फक्त सुताराच्या हाताची चाल तेवढी घेतली. तीही एक आठवणच झाली.

संग्रहालयातलं छत केलं ते आणखी एका जोडप्याने. रिक आणि लॉरा ब्राउन, बॉस्टनच्या कला महाविद्यालयात शिकवणारे. ते ज्यूही नाहीत आणि पोलिशही नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की नाहीशी झालेली वस्तू समजून घ्यायची तर ती पुन्हा करून पाहावी, आणि जुन्या हत्यारांनीच करावी. आधी त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन झाब्लुदुव या गावच्या सिनेगॉगच्या लहान प्रतिकृती केल्या. १९४१ मध्ये जळलेलं ते सिनेगॉग. मग ग्वोझ्जेत्स हाती घेतलं.

२०११ च्या उन्हाळ्यात पोलंडच्या सानोक गावी, जुन्या लाकडी घरांचं एक उघड्यावरचं संग्रहालय आहे तिथे, निरनिराळ्या देशांतून सुतार आणि विद्यार्थी जमले. ओंडके कुऱ्हाडीने तासले, करवतीने दोघादोघांनी मिळून कापले, खाचेत खाच बसवून जोडले. सहा आठवड्यांत सांगाडा उभा केला, आणि पुन्हा सुटा करून वॉर्साला नेला. मूळ मापाच्या सुमारे ८५ टक्के मापाचं हे छत आहे. चित्रं रंगवायला त्यांनी पोलंडमधल्या आठ शहरांत शिबिरं घेतली. बरीचशी शिबिरं जुन्या, विटांच्या, ज्यू समाज उरलेला नाही अशा सिनेगॉगांच्याच इमारतींत. सशाच्या कातड्याचा सरस उकळायचा, त्यात रंगाची पूड कालवायची आणि फळीवर चित्र उतरवायचं. या सगळ्यात मिळून तीनेकशे लोकांचे हात लागले. २०१४ मध्ये कायमचं प्रदर्शन उघडलं तेव्हा छत डोक्यावर चढलेलं होतं. या कामावर ‘रेझ द रूफ’ नावाचा माहितीपट २०१५ मध्ये निघाला आहे. मिळाला तर जरूर बघा.

मला यात शिक्षक म्हणून काय आवडलं सांगू? सिंहाची शेपटी काढताना एखाद्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं असेल, की मूळ चित्रकाराने इथे कुंचला उचललेला नाही, एकाच झटक्यात वळवला आहे. हे व्याख्यानातून कळत नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या इस्राएलचा हात क्षणभर त्या मुलाच्या हातात आला असणार.

इथपर्यंत सगळं छान आहे. पण मला झोप लागेना. वाटत राहिलं, की हे छत इतकं सुंदर आहे म्हणूनच काहीतरी चुकतं आहे. ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात, ही जुनी चाल. त्याला मिन्यान म्हणतात. ‘पोलिन’च्या त्या छताखाली मी बसलो होतो तेव्हा दहा नव्हे, पन्नास माणसं होती. सगळे माझ्यासारखेच प्रवासी. छत परत आलं, पण त्याखाली उभी राहणारी माणसं कुठून आणायची? पाहणाऱ्याला वाटायचं, चला, झालं ते भरून निघालं. तसं वाटणं बरं नव्हे.

मग वाचता वाचता कळलं, की हा प्रश्न इतरांनाही पडला आहे आणि काहींनी वेगळी वाट काढली आहे. जर्मनीतल्या लाइप्झिग शहरातलं मोठं सिनेगॉग १९३८ च्या नोव्हेंबरात, ९ आणि १० तारखेच्या त्या कुप्रसिद्ध रात्री जाळलं गेलं. त्या जागेवर २००१ मध्ये एक स्मारक केलं आहे. तिथे इमारत पुन्हा बांधली नाही. जमिनीवर फक्त १४० ब्राँझच्या खुर्च्या मांडल्या आहेत, ओळीने, प्रार्थनेला बसावं तशा. सगळ्या रिकाम्या. तिथे भरून काढलेलं काही नाही. जे नाही तेच मांडून ठेवलं आहे.

आणि खुद्द वॉर्सात आणखी एक गोष्ट घडली. शहराचं मोठं सिनेगॉग १८७८ मध्ये उघडलं होतं. ज्यूंचा उठाव चिरडल्यावर १६ मे १९४३ रोजी नाझी सेनापती श्ट्रोपने ते सुरुंग लावून उडवलं. आज तिथे एक काचेची उंच इमारत आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये, उठावाला ७५ वर्षं झाली तेव्हा, गाबी फॉन झेल्टमान या कलावतीने रात्री त्या काचेच्या इमारतीवर प्रकाशाने ते जुनं सिनेगॉग उभं केलं. सोबत गेर्शोन सिरोता यांचा आवाज, जुन्या ध्वनिमुद्रिकेवरचा. सिरोता हे या सिनेगॉगचे हजान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारे. त्यांच्या आवाजाची कीर्ती अमेरिकेपर्यंत होती, आणि त्यांचा शेवट १९४३ मध्ये इथेच झाला. लोक रस्त्यावर उभे राहून पाहत होते. थोड्या वेळाने दिवे मालवले आणि काच पुन्हा काच झाली.

मला वाटतं, ही तिन्ही कामं एकमेकांना पूरक आहेत. नुसत्या रिकाम्या खुर्च्या असत्या तर काय गेलं ते कळलं नसतं, फक्त काहीतरी गेलं एवढंच कळलं असतं. नुसतं छत असतं तर गेलं आहे हेच विसरायला झालं असतं. छताखाली उभं राहून मान वर करायची आणि मग खुर्च्यांकडेही बघायचं, असं दोन्ही करायला हवं.

एक छत मात्र खरोखरच वाचलं आहे. ब्रोडी गावचा एलिएझर सुसमान हा असाच फिरता ज्यू चित्रकार. पूर्वेकडून जर्मनीत गेला आणि १७३५ मध्ये त्याने होर्ब नावाच्या खेड्यातलं छोटं लाकडी सिनेगॉग रंगवलं. पुढे तिथले ज्यू गाव सोडून गेले आणि त्या जागेत शेतकरी गवत भरायला लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणाच्या तरी लक्षात आलं, की गवताच्या गंजीवर सिंह आहेत! आता ते छत जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात आहे. सांभाळलेली गेली आणि विसरलेलं वाचलं. काय म्हणावं!

त्याच संग्रहालयात आपल्या कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचा लाकडी अंतर्भागही नेऊन उभारला आहे, १९९५ पासून. तिथे कुणी जाळपोळ केली नव्हती. माणसं इस्राएलला निघून गेली आणि जागा ओस पडली. हे वाचलं आणि मी पोलंडमधून थेट माझ्या गावी येऊन पोहोचलो.

माझं बालपण कुलाबा जिल्ह्यातलं, आता रायगड म्हणतात. आमच्या भागात बेने इस्राएल बरेच. पूर्वी घाण्याचं तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून : रोहेकर, पेणकर, किहीमकर. भाषा मराठी. त्यांच्या सिनेगॉगला गावात सगळे ‘मशीद’ म्हणत, ते स्वतःसुद्धा. पुण्याच्या सिनेगॉगला लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात. आपल्याकडे शब्दांवरून भांडण करायची पद्धत तेव्हा नव्हती.

सातवीपर्यंत माझ्या बाकावर एक बेने इस्राएल मुलगा बसत असे. त्याच्या वडिलांबरोबर मी एक-दोनदा त्या मशिदीत गेलो आहे. आत मधोमध कठड्याची उंच जागा, तिला तेबा म्हणत. समोरच्या भिंतीत तोरा ठेवायचं कपाट, हेखाल. वर टांगलेले काचेचे दिवे. आठवीच्या सुरुवातीला बाकावर मी एकटा होतो. ते सगळे इस्राएलला गेले. पोलंडमधल्यासारखं इथे काही झालं नाही, हे पहिल्यांदा आणि ठासून सांगितलं पाहिजे. कुणी हाकललं नाही, कुणी जाळलं नाही. स्टेशनवर निरोपाला अर्धं गाव गेलं होतं. पण बाक रिकामा झाला तो झालाच.

इमारत अजून उभी आहे. दहा माणसं मात्र जमत नाहीत. मी छत्तीस वर्षं त्याच तालुक्यात इतिहास शिकवला. ब्रायर आणि सोस्नोव्स्की यांच्याबद्दल वाचताना मनात आलं, मी एकदा तरी पोरांना मोजपट्टी देऊन तिथे नेलं का? दूरवरच्या अजिंठ्याचे नकाशे वहीत काढून घेतले. शेजारच्या गल्लीत नेलं नाही. अजिंठा सांभाळायला सरकार आहे. गल्लीतलं कुणी बघायचं? याचं वाईट वाटतं आणि ते कुणावर ढकलता येत नाही.

परत आल्यावर ठरवलं. तिथे देखभाल करणाऱ्या गृहस्थांची परवानगी काढली. बरोबर शेजारचा बारावीतला मुलगा आणि त्याची बहीण. मोजपट्टी, पेन्सिल, चौकटीचा कागद. दोन सकाळी लागल्या. तेबाचे कठडे मोजले, खिडक्या मोजल्या, बाकं मोजली. मुलीने हेखालाच्या पडद्यावरची नक्षी काढून घेतली. माझा नकाशा काही वास्तुविशारदाचा नव्हे, एक भिंत दुसरीपेक्षा चार इंच लांब आली आहे. पण आहे.

मग तो कागद मोबाइलवर फोटो काढून माझ्या त्या बालमित्राला पाठवला. तो आता इस्राएलमध्ये आजोबा झाला आहे, दक्षिणेतल्या एका गावात असतो. आमचा संपर्क बऱ्याच वर्षांनी मुलांमुळे पुन्हा जुळला. विचारलं, काही चुकलं आहे का बघ.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, मराठीत, आवाजाच्या संदेशात. म्हणाला, “मापाचं मला काय कळतंय रे. पण डावीकडची दुसरी खिडकी काढली आहेस ना, तिच्याखाली बाबा बसायचे. पावसात तिथे गळायचं. तरी जागा बदलायचे नाहीत.”

मी पेन्सिल घेतली आणि नकाशावर दुसऱ्या खिडकीखाली बारीक अक्षरात लिहिलं : इथे पावसात गळायचं. शेजारी त्याच्या बाबांचं नाव लिहिलं.

असो. फार लांबलं. तुमच्या गावात असं काही असेल, देऊळ, मशीद, चर्च, सिनेगॉग, एखादी पडकी धर्मशाळासुद्धा, तर सुट्टीत नातवंडांना घेऊन मोजून ठेवा. आणि कोण कुठे बसत असे तेही विचारून ठेवा. सांगणारे अजून आहेत तोवर.

तुमच्या आठवणी जरूर कळवा. वाट बघतो.